विश्लेषण : मुलींच्या ओटीपोटाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने की पोट उघडून? धोका नेमका कुठे आणि केव्हा?

पावसाळ्यातली रात्र. मावळातल्या एखाद्या वाडीत बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या पोटात अचानक कळ येते, दोन उलट्या होतात, मग थोडे बरे वाटते. ‘पाळीचे दुखणे असेल’ म्हणून घरात ओवा-पाणी दिले जाते. सकाळी कळ पुन्हा उठते. सोनोग्राफी होते आणि अंडाशयाला पीळ पडल्याची शंका व्यक्त होते. डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात. त्यानंतर नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : दुर्बिणीने होईल ना? पोटावर डाग तर राहणार नाही?

प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. शस्त्रक्रिया दुर्बिणीची असो वा पोट उघडून केलेली, गुंतागुंत दोन्हींत होऊ शकते. फरक असा, की ती वेगळ्या प्रकारची असते आणि बऱ्याचदा वेगळ्या वेळी उघडी पडते. लोणावळा, कामशेत किंवा आंदर मावळातल्या कुटुंबासाठी ही वेळच महत्त्वाची ठरते, कारण तोवर मुलगी रुग्णालयात नसून घरी असण्याची शक्यता असते. त्याचे हे विश्लेषण.

मुलींना ओटीपोटाची शस्त्रक्रिया कशासाठी लागते?

ओटीपोटात मूत्राशय, गर्भाशय, दोन अंडाशये, बीजवाहिन्या आणि आतड्याचा शेवटचा भाग दाटीने बसलेले असतात. वयात येण्याच्या आसपास मुलींमध्ये शस्त्रक्रियेची वेळ प्रामुख्याने तीन कारणांनी येते : अंडाशयातील गाठ, अंडाशयाला पडलेला पीळ आणि अपेंडिक्सची सूज. अपेंडिक्स हा तसा आतड्याचा भाग. पण तो उजव्या अंडाशयाच्या शेजारी असल्याने दोन्हींचे दुखणे सारखेच वाटू शकते. जन्मतः गर्भाशय किंवा योनीमार्गाची रचना वेगळी असणे हे तुलनेने दुर्मीळ कारण.

अंडाशयातील प्रत्येक गाठ काढावी लागत नाही. पाळीच्या चक्रात तयार होणारी पाण्याची साधी गाठ बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते. तिच्यासाठी पुन्हा सोनोग्राफी करून वाट पाहिली जाते. त्यामुळे शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने, याआधी ती हवी आहे का, हा प्रश्न येतो. महाराष्ट्राने याबाबत कटू अनुभव घेतला आहे. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ महिलांची गर्भाशये काढल्याची माहिती २०१९ मध्ये विधिमंडळात देण्यात आली आणि त्याच्या चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तो प्रश्न ऊसतोड मजूर महिलांचा होता, मुलींचा नव्हे. पण ‘खरेच गरज आहे का’ हे विचारण्याचा रुग्णाचा हक्क त्यातून ठळक झाला.

पीळ पडलेल्या अंडाशयाचे मात्र वेगळे आहे. तेथे वाट पाहणे महाग पडते. पिळामुळे रक्तपुरवठा अडतो आणि जितका उशीर तितकी अंडाशय वाचण्याची शक्यता घटते. दुखणे येते-जाते, सोबत मळमळ किंवा उलटी असते. रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर तपासणी सर्वसाधारण आली तरी पीळ नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. लहान मुलींमध्ये तर गाठ नसलेल्या निरोगी अंडाशयालाही पीळ पडू शकतो.

दोन पद्धतींत फरक काय?

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ओटीपोटावर, बहुधा केसांच्या रेषेलगत आडवा, काही सेंटिमीटरचा छेद घेतात. शल्यविशारदाला अवयव थेट दिसतात आणि हाताला लागतात.

दुर्बिणीच्या म्हणजे लॅप्रोस्कोपीच्या पद्धतीत बेंबीपाशी छोटा छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. पोट फुगले की आत काम करायला जागा होते. बेंबीतून कॅमेरा आणि बाजूच्या दोन-तीन छिद्रांतून ३ ते ५ मिलिमीटर जाडीची अवजारे आत जातात. शल्यविशारद पडद्यावर पाहून काम करतो. दृश्य मोठे आणि स्वच्छ दिसते, मात्र हाताच्या स्पर्शाने मिळणारी माहिती कमी होते.

या दोहोंच्या मध्ये तिसरी वाटही आहे. दुर्बिणीने आधी पाहायचे, मग लहानसा छेद घेऊन अंडाशय अलगद वर आणायचे, गाठ बाहेरच सोडवायची आणि अंडाशय परत जागेवर ठेवायचे. पाण्याने भरलेली मोठी गाठ असल्यास हा मार्ग अनेकदा सोयीचा ठरतो.

ही पद्धत आपल्याकडे कशी आली?

स्वीडनमधील डॉ. हान्स ख्रिश्चन याकोबेयुस यांनी १९१० मध्ये माणसाच्या पोटात दुर्बिणीने पाहिल्याची नोंद आहे. १९८० मध्ये जर्मनीतील कील येथे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. कुर्ट झेम यांनी दुर्बिणीने अपेंडिक्स काढले. लहान मुलांसाठी ही पद्धत वापरण्याचा पाया अमेरिकेत डॉ. स्टीफन गॅन्स यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी घातला.

भारतात या पद्धतीचे जनक मानले जाणारे डॉ. तेहमटन उदवाडिया हे मुंबईचे. जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून त्यांनी दुर्बिणीने निदान सुरू केले आणि १९९० मध्ये देशातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली. साधने तुटपुंजी असलेल्या रुग्णालयांतही ही पद्धत पोहोचावी, असा त्यांचा आग्रह होता. २०२३च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

पुण्याचे नावही ओटीपोटाच्या दुर्बीण शस्त्रक्रियेशी जोडलेले आहे. गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने मे २०१७ मध्ये देशातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. जन्मतः गर्भाशय नसलेल्या तरुणीला तिच्या आईचे गर्भाशय देण्यात आले. आईच्या शरीरातून ते दुर्बिणीने काढले होते. प्रत्यारोपित गर्भाशयातून देशातील पहिले बाळही ऑक्टोबर २०१८ मध्ये याच रुग्णालयात जन्मले. म्हणजे लोणावळ्याहून लोकलने गाठता येईल अशा शहरात या तंत्राचे टोक गाठले गेले आहे. प्रश्न उरतो तो रात्रीच्या तातडीच्या वेळी जवळच्या रुग्णालयात काय उपलब्ध आहे, याचा.

गुंतागुंत मोजतात कशी?

‘ऑपरेशन बिघडले’ असे म्हणताना लोकांच्या मनात वेगवेगळ्या गोष्टी असतात. कोणाला टाक्यातून पाणी आलेले अभिप्रेत असते, कोणाला पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया. हा गोंधळ टाळण्यासाठी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली क्लॅव्हियन-डिंडो ही पाच पायऱ्यांची पद्धत जगभर वापरली जाते. पहिल्या पायरीत किरकोळ त्रास येतो, ज्याला विशेष उपचार लागत नाहीत. दुसरीत प्रतिजैविके किंवा रक्त द्यावे लागते. तिसरीत पुन्हा हस्तक्षेप करावा लागतो, चौथीत अतिदक्षता विभाग आणि पाचवी पायरी म्हणजे मृत्यू.

या पद्धतीचा उपयोग रुग्णालाही होतो. ‘गुंतागुंत शेकड्यात इतकी’ असे कोणी सांगितले, तर ती पहिल्या पायरीची की तिसऱ्या, हे विचारता येते. टाक्याला आलेला लालसरपणा आणि आतड्याला पडलेले छिद्र एकाच आकड्यात मिसळले, तर त्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही.

आकडे काय सांगतात?

अपेंडिक्सबाबत मुलांचा वेगळा पुरावा उपलब्ध आहे. वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये ८५ चाचण्या तपासल्या. त्यात ९,७६५ रुग्ण होते आणि १० चाचण्या १,२४५ मुला-मुलींवरील होत्या. मुलांमध्ये दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत संसर्ग होण्याची शक्यता पोट उघडण्याच्या तुलनेत साधारण चौथाई दिसली आणि रुग्णालयातील मुक्काम सरासरी ०.८ दिवसाने कमी झाला. पोटाच्या आत पू साठण्याबाबत मात्र मुलांमध्ये ठोस फरक आढळला नाही. प्रौढांमध्ये तर आत पू साठण्याचे प्रमाण दुर्बिणीनंतर अधिक होते.

अंडाशयाच्या साध्या गाठींबाबत कॉक्रेनच्याच २००९च्या आढाव्यात १२ चाचण्या आणि ७६९ महिला होत्या. दुर्बिणीच्या गटात इजा, ताप व संसर्ग यांसारख्या घटना कमी, वेदना कमी आणि मुक्काम सुमारे तीन दिवसांनी कमी होता. पण या प्रौढ महिला होत्या. मुलींसाठी डॉक्टर या निष्कर्षांना आपापल्या रुग्णालयांतील अनुभवाची जोड देऊन निर्णय घेतात.

थोडक्यात, टाक्याचा संसर्ग, वेदना आणि मुक्काम या तीन बाबतींत दुर्बिणीचे पारडे जड आहे. पोटाच्या आतील गंभीर गुंतागुंतीबाबत तेवढे ठामपणे बोलता येत नाही.

आकडे वाचताना काय लक्षात घ्यावे?

एक अडचण निवडीची आहे. रुग्णालयांच्या जुन्या नोंदी पाहिल्या, तर पोट उघडलेल्या मुलींमध्ये गुंतागुंत जास्त दिसते. पण पोट उघडण्याचा निर्णय बहुधा अवघड रुग्णांतच होतो : गाठ मोठी, अपेंडिक्स फुटलेले, मुलगी उशिरा पोहोचलेली, नाडी आणि रक्तदाब बिघडलेले. सोपे रुग्ण एका पारड्यात आणि अवघड दुसऱ्यात टाकल्यावर दोष पद्धतीचा की आजाराचा, हे सांगता येत नाही. म्हणूनच चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी केलेल्या चाचण्यांना महत्त्व असते.

अशाच एका चाचणीने २०१८ मध्ये सर्वांना धक्का दिला. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगासाठी ६३१ महिलांची विभागणी करण्यात आली होती. साडेचार वर्षांनी कर्करोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण छोट्या छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ८६ टक्के, तर पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ९६.५ टक्के निघाले. ही गोष्ट मुलींच्या साध्या गाठींना लागू होत नाही. मात्र छिद्र लहान म्हणून निकाल चांगलाच, हे गृहीतक त्यातून मोडले.

दुर्बिणीचे स्वतःचे धोके कोणते?

पहिला धोका पोटात शिरतानाचा. बेंबीतून सुई किंवा नळी आत घालताना आतडे, मूत्राशय किंवा मोठी रक्तवाहिनी दुखावू शकते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार निदानासाठी केलेल्या लॅप्रोस्कोपीत गंभीर गुंतागुंत साधारण १,००० महिलांमागे दोघींमध्ये होते. प्रमाण कमी आहे. पण त्याच मार्गदर्शनातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे : आतड्याला झालेल्या इजांपैकी १५ टक्क्यांपर्यंत इजा शस्त्रक्रियेच्या वेळी लक्षात येत नाहीत.

लहान मुलींमध्ये ही जागा आणखी अरुंद असते. पोटाची भिंत पातळ आणि लवचीक, तिच्यापासून महारोहिणीचे अंतर कमी आणि मूत्राशय मोठ्या बाईपेक्षा वर असते. त्यामुळे लहान वयात वायूचा दाबही कमी ठेवावा लागतो. प्रौढांमध्ये तो साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा असतो. मुलांमध्ये वय आणि वजन पाहून त्याहून कमी. पोट फुगल्याने श्वासपटल वर ढकलले जाते, म्हणून मुलांना भूल देण्याचा सराव असलेला भूलतज्ज्ञ हवा.

दुसरा धोका उष्णतेचा. रक्त थांबवण्यासाठी वापरलेल्या विजेच्या अवजाराची धग शेजारच्या आतड्याला किंवा मूत्रवाहिनीला लागू शकते. तेथे लगेच छिद्र पडत नाही. भाजलेला भाग काही दिवसांनी कमकुवत होऊन फुटतो.

तिसरा धोका छिद्राच्या जागेचा. लहान मुलींमध्ये ५ मिलिमीटरच्या छिद्रातूनही आतडे किंवा चरबीचा पडदा बाहेर डोकावू शकतो. म्हणून आतला थर नीट शिवतात. दुसरी बाब भारतातील डॉक्टरांना चांगली ठाऊक आहे. अवजारे नीट निर्जंतुक झाली नाहीत किंवा रसायनातून काढल्यावर साध्या पाण्याने धुतली, तर क्षयाच्या जंतूंच्या कुळातील काही जंतू छिद्रात शिरतात. वरून जखम भरते आणि तीन-चार आठवड्यांनी तेथे गाठ येते किंवा पाणी झिरपू लागते. नेहमीच्या प्रतिजैविकांना ते दाद देत नाही. महिन्याने चिघळलेल्या टाक्यावर नुसते मलम लावत बसू नये, ते यामुळे.

खांदा दुखणे मात्र घाबरण्याची बाब नाही. उरलेल्या वायूमुळे श्वासपटल चेतवले जाते आणि एक-दोन दिवस खांद्यात कळ जाणवते.

पोट उघडल्यास काय होऊ शकते?

येथे गुंतागुंत अधिक दृश्य असते. जखमेत पू होणे, टाका उसवणे, जास्त वेदनांमुळे मुलीने खोकणे-चालणे टाळणे आणि पुढे व्रणाच्या जागी हर्निया. मुक्काम काही दिवसांचा असल्याने यांपैकी बराचसा त्रास रुग्णालयातच परिचारिकेच्या नजरेस पडतो.

दूरचा धोका आतडी आणि बीजवाहिन्या एकमेकांना चिकटण्याचा. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोट किंवा ओटीपोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या २९,७९० रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यातील सुमारे ३५ टक्के रुग्ण या काळात चिकटण्याशी निगडित असू शकणाऱ्या कारणाने किंवा चिकटण्यामुळे अवघड होऊ शकणाऱ्या दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी सरासरी दोनदा पुन्हा दाखल झाले. दुर्बिणीत आतील पडद्याला कमी हात लागतो, त्यामुळे चिकटणे कमी व्हावे अशी अपेक्षा असते. पण ते शून्यावर येत नाही. बारा वर्षांच्या मुलीपुढे अख्खे आयुष्य असल्याने हा मुद्दा तिच्यासाठी अधिक महत्त्वाचा.

पोट उघडणेच योग्य केव्हा?

गाठ घन असेल, खूप मोठी असेल किंवा रक्तातील एएफपी, बीटा-एचसीजी यांसारख्या तपासण्यांत कर्करोगाची शंका असेल, तर ती न फोडता अखंड काढणे सर्वांत महत्त्वाचे असते. मुलींमधील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ज्या असतात, त्या पोटात फुटल्यास आजाराचा टप्पा वाढतो आणि कदाचित टळली असती अशी केमोथेरपी घ्यावी लागू शकते. अशा वेळी मोठा छेद हाच सुरक्षित छेद असतो.

रक्तस्राव सुरू असलेली आणि रक्तदाब घसरलेली मुलगी, पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे चिकटलेले पोट, किंवा मुलांच्या दुर्बीण शस्त्रक्रियेचा सराव नसलेले पथक, ही आणखी कारणे. दुर्बिणीने सुरुवात करून मध्येच पोट उघडावे लागले, तर नातेवाइकांना ते अपयश वाटते. बहुतेक वेळा तो वेळेवर घेतलेला शहाणा निर्णय असतो.

पीळ पडलेले अंडाशय काळे दिसले तर?

पूर्वी काळेनिळे पडलेले अंडाशय मेले असे समजून काढून टाकले जाई. पीळ सोडवला तर रक्ताची गुठळी फुप्फुसात जाईल, अशीही भीती होती. ती भीती निराधार ठरली आहे आणि नुसत्या रंगावरून अंडाशय मेले की जिवंत हे ठरत नाही, हेही स्पष्ट झाले आहे. अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये किशोरवयीन मुलींसाठी दिलेला सल्ला असा : शक्यतो दुर्बिणीने पीळ सोडवावा आणि अंडाशय कसेही दिसत असले तरी ते राखावे. काही आठवड्यांनी सोनोग्राफी केल्यावर अशा अनेक अंडाशयांत पुन्हा बीजे वाढताना दिसतात.

यातून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. दुर्बीण असलेले दूरचे रुग्णालय गाठण्यात बरेच तास जाणार असतील आणि जवळच पोट उघडून पीळ सोडवणारा अनुभवी शल्यविशारद असेल, तर जवळचा पर्याय डावलण्यापूर्वी डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. व्रण पुढे फिका पडतो. गेलेले अंडाशय परत येत नाही.

मावळासाठी शस्त्रक्रियेनंतरचे दिवस का महत्त्वाचे?

दुर्बिणीनंतर मुलीला अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात. खर्च वाचतो, आई-वडिलांची मजुरी बुडत नाही. पण लक्षात न आलेली आतड्याची इजा किंवा भाजलेली जागा याच सुमारास किंवा त्यानंतर त्रास देऊ लागते. तोवर वॉर्ड सुटलेला असतो आणि नाडी-ताप पाहणारी परिचारिका शेजारी नसते. ते काम आईवर, आजीवर किंवा वसतिगृहाच्या अधीक्षिकेवर येते.

अशा वेळी भूगोल आडवा येतो. आंदर मावळातील खांडी-सावळा, नाणे मावळातील जांभवली किंवा पवन मावळातील तुंग परिसरातून महामार्ग गाठायलाच वेळ लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये भातलावणीची घाई आणि घाटमाथ्याचा पाऊस एकत्र येतात. शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे निघालेल्या पर्यटकांमुळे लोणावळ्यातली वाहतूक तुंबते. त्यामुळे ‘त्रास झाला तर या’ हा सल्ला पिंपरीतल्या कुटुंबाला जितका सोपा, तितका येथे नसतो.

म्हणून काही गोष्टी आधी ठरवाव्यात. पावसाळ्यात शक्य असल्यास पहिले चार-पाच दिवस वडगाव, कामशेत, तळेगाव अशा रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे राहावे. डॉक्टरांचा रात्री लागणारा फोन क्रमांक सुटीच्या कागदावर लिहून घ्यावा. १०८ रुग्णवाहिका कोठपर्यंत येते, हे गावच्या आशाताईंना विचारून ठेवावे. परत जायचे झाल्यास तळेगावचे डॉ. भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय की पुण्याचे ससून, हेही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

घरी कोणत्या खुणा पाहाव्यात?

नियम सोपा आहे : दुर्बिणीनंतर मुलगी रोज कालच्यापेक्षा बरी दिसली पाहिजे. उलट घडत असेल, तर थांबू नये. पुढील खुणा दिसल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.

– पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढणे, चालताना किंवा गाडीच्या धक्क्याने कळवळणे
– ताप किंवा थंडी वाजणे
– वारंवार उलट्या, जेवणावरची वासना उडणे
– पोट फुगून घट्ट होणे, वारा न सरणे
– लघवी न होणे, कमरेत एका बाजूला दुखणे किंवा योनीमार्गातून सतत पाणी गळणे
– टाक्यातून पू, दुर्गंधी किंवा रक्त येणे
– पोटरी सुजणे किंवा धाप लागणे

केवळ वेदनाशामक गोळी देऊन ताप-कळ दाबून ठेवणे धोक्याचे. शिवाय एकदा पीळ पडलेल्या अंडाशयाला पुन्हा पीळ पडू शकतो. त्यामुळे काही महिन्यांनी तशीच कळ आली, तर ‘पाळीचे असेल’ म्हणून सोडून देऊ नये आणि आधीची फाइल सोबत न्यावी.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी काय विचारावे?

मुलगी १८ वर्षांखालील असल्यास पालकांची लेखी संमती घेतली जाते. ती कशासाठी आहे, हे नीट वाचणे गरजेचे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला एक निकाल येथे मार्गदर्शक ठरतो. निदानासाठी लॅप्रोस्कोपीला संमती दिलेल्या एका महिलेचे गर्भाशय व अंडाशये, ती भुलीखाली असताना आईची संमती घेऊन काढण्यात आली होती. तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, जीव वाचवण्याची तातडी असेल तरच अपवाद, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ती महिला प्रौढ होती, त्यामुळे आईची संमती ग्राह्य धरली गेली नाही. अल्पवयीन मुलीबाबत संमती पालकच देतात. म्हणून त्यांची जबाबदारी उलट वाढते.

डॉक्टरांना पाच प्रश्न जरूर विचारावेत. शस्त्रक्रिया आजच हवी की वाट पाहता येईल? या वयाच्या मुलींच्या अशा शस्त्रक्रिया हे पथक नियमित करते का? दुर्बिणीने जमले नाही तर येथेच पोट उघडण्याची, रक्ताची आणि अतिदक्षता विभागाची सोय आहे का? अंडाशय राखणार की काढणार, आणि काढायचे झाल्यास कोणत्या स्थितीत? घरी गेल्यावर रात्री काही झाले, तर फोन कोणाला करायचा?

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कोणती शस्त्रक्रिया आणि कोणते रुग्णालय योजनेत बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारता येते.

मुलीलाही तिच्या वयाला समजेल असे सांगावे. पोटात काय झाले, काय करणार आणि नंतर काय दुखेल, हे माहीत असलेली मुलगी त्रास लवकर सांगते.

पुढे मूल होईल का? लग्नात अडचण येईल का?

हा प्रश्न बहुतेक घरांत डॉक्टरांसमोर दबक्या आवाजात आणि बाहेर मुळीच विचारला जात नाही. एक अंडाशय काढावे लागले तरी दुसरे निरोगी असल्यास पाळी नियमित येऊ शकते आणि गर्भधारणाही होऊ शकते. गाठ काढून अंडाशय राखले असेल, तर चित्र आणखी चांगले असते. पद्धत दुर्बिणीची होती की पोट उघडून, यापेक्षा अंडाशय किती वाचले आणि आत संसर्ग किंवा चिकटणे झाले का, यावर पुढचे अवलंबून असते.

खरे नुकसान अनेकदा लपवण्याने होते. ‘सासरी कळायला नको’ म्हणून फाइल नष्ट केली जाते. मग वीस वर्षांनी सिझेरियन किंवा दुसरी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला पोटात आधी काय झाले आहे, हे कळत नाही. आतून चिकटलेल्या पोटात अंदाजाने शिरावे लागते आणि इजेचा धोका वाढतो. सुटीचा कागद, शस्त्रक्रियेची टिपणे आणि गाठीचा तपासणी अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रेशनकार्ड आणि शाळेच्या दाखल्यासोबत जपून ठेवणे, ही त्यावरची सर्वांत स्वस्त खबरदारी. शिवाय त्याचा फोटो मुलीच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये असावा.